३५ अंशांच्या पलीकडून

ऑल-इन-वन संगणकांची रचना करणाऱ्या अभियंत्यांना आणि ते बाजारात आणणाऱ्या उत्पादनप्रमुखांना खुले पत्र



हे पत्र मी अकोल्याहून लिहीत आहे. मे संपत आला आहे, नवतपा सुरू आहे आणि बाहेर पारा ४४ अंशांच्या पुढे गेला आहे. खोलीत कूलर चालू आहे, खिडकीला वाळ्याची ताटी आहे, तरी टेबलावरचे साधे तापमापक ३७ अंश दाखवते आहे. त्याच टेबलावर तुमच्यापैकी कुणीतरी घडवलेला ऑल-इन-वन संगणक आहे. अशाच एका दुपारी काम करताना त्याच्या प्रोसेसरचे तापमान ९८ अंशांवर गेले होते.

बावीस वर्षे मी मराठी पुस्तकांची अक्षरजुळणी करते. गेली दोन वर्षे त्या कामाबरोबर एक वेगळे काम हाती घेतले आहे. आमच्याकडच्या एका जुन्या वाचनालयात मासिकांचे शेकडो अंक पडून होते. कागद इतका जीर्ण की पान उलटताना कोपरा हातात येतो. ते अंक स्कॅन करायचे आणि ओसीआर सॉफ्टवेअरने चित्रातली अक्षरे ओळखून त्यांचा शोधता येईल असा मजकूर करायचा, असे हे काम. जोडाक्षरे, पुसट टाइप, पानावरचे डाग यांतून अक्षर सोडवताना प्रोसेसरचे सगळे कोअर तासन्‌तास पूर्ण क्षमतेने राबतात. पत्र टाइप करताना किंवा जमाखर्च मांडताना संगणकाचा जो कस कधी लागत नाही, तो इथे लागतो.

जानेवारीत हा संगणक तासाला चारशेच्या आसपास पाने सोडवत होता. मे महिन्यात तोच आकडा अडीचशेवर आला. संगणक तोच, सॉफ्टवेअर तेच, पानेही त्याच मासिकाची. मी सर्व्हिस सेंटरला फोन केला. "मॅडम, शंभरच्या आत आहे म्हणजे नॉर्मल आहे," असे उत्तर मिळाले. त्या उत्तरानंतर मी या विषयाचा नीट अभ्यास केला आणि त्यातूनच हे पत्र लिहावेसे वाटले.

मराठीत लिहिण्याला कारण आहे. संगणक आणि प्रोसेसर घडवणाऱ्या कंपन्यांत आपली कितीतरी मुले-मुली काम करतात. अमरावती, नागपूर, जळगाव, छत्रपती संभाजीनगर इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून शिकून तुम्ही पुण्याला, बंगळुरूला, परदेशांत गेलात. उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारी घरातले सगळे एकाच कूलरसमोर झोपत, हे तुम्हाला सांगावे लागणार नाही. आमची खोली कशी तापते हे तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून तुमच्याशीच बोलते.

आधी तुमचे श्रेय तुम्हाला. ऑल-इन-वन मी विचार करूनच घेतला. टेबलाखाली डबा नाही, तारांचा गुंता नाही, एकच वायर भिंतीत जाते. प्रूफे पसरायला जागा उरते. लोडशेडिंगमध्ये यूपीएसवर तो मोठ्या डेस्कटॉपपेक्षा जास्त वेळ तग धरतो. पडदा उत्तम आहे. अनुस्वार आणि रफार डोळे न ताणता दिसतात. हा संगणक मला आवडतो. म्हणूनच त्याच्या उणिवा मनाला लागतात.

पहिली तक्रार खोक्यावरच्या आकड्यांविषयी आहे.

एक उदाहरण देते. इंटेलच्या १२व्या पिढीत कोअर आय५-१२४०० आणि कोअर आय५-१२३५यू असे दोन प्रोसेसर आहेत. दोघांच्या नावात आय५ आहे आणि दोघांचाही कमाल वेग ४.४ गिगाहर्ट्झ आहे. दुकानात फलकावर एवढेच लिहिलेले असते. पहिला डेस्कटॉपसाठी केलेला असून त्याची मूळ शक्ती ६५ वॅट आहे. दुसरा पातळ लॅपटॉपसाठी केलेला असून त्याची मूळ शक्ती १५ वॅट आहे. अर्ध्या मिनिटाच्या कामात दोघे जवळजवळ असतील, पण दोन तासांच्या कामात त्यांची बरोबरी होऊ शकत नाही. ऑल-इन-वनच्या पातळ पाठीत दोन्ही प्रकारचे प्रोसेसर बसवले जातात आणि गिऱ्हाईक दोन्हींकडे सारख्याच विश्वासाने पाहते.

माझी विनंती साधी आहे. गिगाहर्ट्झच्या शेजारी तेवढ्याच मोठ्या अक्षरात वॅट लिहा. प्रोसेसर बनवणाऱ्याने दिलेले वॅट नकोत; तुमच्या पेटीत तो प्रोसेसर सलग किती वॅटवर चालू शकतो, ते लिहा. तोच ६५ वॅटचा प्रोसेसर ऐसपैस डब्यात ६५ वर राहतो आणि पातळ पाठीत ४० वर येऊन थांबतो. गिऱ्हाइकाच्या कामाचा आकडा हा दुसरा आहे, आणि तो तुमच्याकडे असतो. प्रयोगशाळेत तुम्ही तो मोजलेला असतो.

दुसरी तक्रार वेळेची आहे.

आजचे प्रोसेसर सुरुवातीला जोरात धावतात. ठरावीक काळ मूळ शक्तीच्या कितीतरी वर जायची मुभा त्यांना असते. अनेक इंटेल प्रोसेसरांत हा काळ २८ सेकंदांचा असतो. १२४०० चेच पाहा. मूळ शक्ती ६५ वॅट, या मुभेच्या काळात, म्हणजे टर्बोत, ती ११७ वॅटपर्यंत जाऊ शकते. ही रचना चांगली आहे. फाइल उघडताना, पान सरकवताना तिचा खरोखर उपयोग होतो. पण जाहिरातीतला वेग हा या पहिल्या अर्ध्या मिनिटाचा असतो. शितावरून भाताची परीक्षा करता येते, कारण पातेल्यात सगळी शिते सारखीच शिजतात. संगणकाच्या कामाचे तसे नाही. पहिल्या मिनिटावरून साठाव्या मिनिटाची परीक्षा होत नाही.

म्हणून दोन आकडे द्या. एक पहिल्या मिनिटाचा, एक तासाभराच्या अखंड कामानंतरचा. व्हिडिओ संपादित करणारा, नकाशे काढणारा, इमारतीचे आराखडे रेंडर करणारा, माझ्यासारखी जुळणीकार, असे आम्ही सगळे दुसऱ्या आकड्यावर पोट भरतो.

तिसरी तक्रार तापमानाची आहे, आणि या पत्राचा गाभा तीच आहे.

अनेक ऑल-इन-वन संगणकांच्या तपशीलपत्रकात शेवटी बारीक अक्षरांत एक ओळ असते. वापरासाठी सभोवतालचे तापमान: कमाल ३५ अंश सेल्सिअस. मी ती ओळ खरेदीनंतर दोन वर्षांनी वाचली. विदर्भात, खानदेशात, मराठवाड्याच्या मोठ्या भागात एप्रिल-मेची दुपार या ओळीच्या बाहेर असते. ज्यांच्या खोलीत एसी नाही, त्या सगळ्यांना ही ओळ वर्षातले दोन महिने यादीबाहेर ठेवते.

तुम्हाला माहीत असलेलेच गणित वाचकांसाठी मांडते. प्रोसेसरचे तापमान म्हणजे खोलीचे तापमान अधिक प्रोसेसरने स्वतः केलेली वाढ. तेवढ्याच कामाला, पंखा तेवढाच फिरत असताना, ही वाढ जवळपास स्थिर असते. समजा ती ६५ अंश आहे. २५ अंशांच्या प्रयोगशाळेत प्रोसेसर ९० वर राहील आणि तुमचा आलेख सुरेख दिसेल. ३७ अंशांच्या खोलीत हाच हिशेब १०२ वर जातो. बऱ्याच इंटेल प्रोसेसरांची मर्यादा १०० अंश असते. तिथे पोचायच्या आत प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतो, जरा निवला की पुन्हा चढवतो, पुन्हा तापतो. दिवसभर ही दमछाक चालते आणि तिच्याबरोबर पंख्याचा आवाज वर-खाली होत राहतो. माझी दीडशे पाने गेली कुठे, याचे उत्तर या बारा अंशांत आहे.

प्रोसेसर जळत नाही, हे खरे. स्वतःला सांभाळण्याची सोय त्यात आहे आणि ती करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण यंत्र सुरक्षित असणे वेगळे आणि ते कामाच्या लायकीचे असणे वेगळे. त्यातून ऑल-इन-वनमध्ये प्रोसेसर एकटा नसतो. त्याच्या पुढ्यात पडदा, शेजारी एसएसडी, आसपास कपॅसिटर. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य दर १० अंशांनी साधारण निम्मे होते, हा ठोकताळा तुम्ही कॉलेजात शिकला आहात. डेस्कटॉपमध्ये बिघडलेला भाग बदलता येतो. इथे एक भाग गेला की बहुतेक वेळा सगळाच संगणक जातो.

आपल्या देशात याला पूर्वीचा दाखला आहे. एसीची कार्यक्षमता मोजण्यासाठी भारताने स्वतःची पद्धत ठरवली आणि २०१८ पासून ती सक्तीची केली. त्या मोजणीत बाहेरचे तापमान २४ ते ४३ अंशांच्या पट्ट्यात धरतात, कारण इथली हवा तशी आहे. त्यावर एसीला तारे मिळतात आणि गिऱ्हाईक ते पाहून निवड करते. ४३ अंशांची दुपार एसीच्या हिशेबात धरता येते, तर ४० अंशांची खोली संगणकाच्या हिशेबात धरायला काय हरकत आहे? ४० अंशांच्या खोलीत, तासभराच्या कामानंतर किती वेग उरतो, एवढा एकच आकडा छापा. जो कंपनीप्रमुख हे पहिल्यांदा करील, त्याचा संगणक आमच्या भागात कुठल्याही जाहिरातीशिवाय खपेल.

चौथी तक्रार जाडीची आणि हवेच्या वाटेची.

पडद्याची कड किती पातळ, हे तुम्ही छायाचित्रात दाखवता. संगणक समोरून पाहायचा असतो. त्याची पाठ भिंतीकडे असते. तिथे दोन सेंटिमीटर जास्त दिले असते तर मोठा पंखा हळू फिरून तेवढीच हवा काढू शकला असता आणि आवाजही कमी झाला असता. शांतता आणि देखणेपणा यांसाठी हवेची वाट अडवण्याचा मोह या व्यवसायाला फार जुना आहे. १९८४च्या पहिल्या मॅकिन्टॉशमध्ये पंखाच नव्हता, आणि लोकांनी त्याला टोस्टर हे नाव दिले. २०१३च्या नळकांडी आकाराच्या मॅक प्रोबद्दल तर २०१७मध्ये ॲपलच्या वरिष्ठांनी पत्रकारांपुढे मान्य केले की उष्णतेच्या बाबतीत आपण स्वतःलाच कोपऱ्यात नेऊन ठेवले. असे कबूल करायला मोठेपणा लागतो.

याच व्यवसायाने चांगली उत्तरेही शोधली आहेत. २००२च्या आयमॅकमध्ये सगळा संगणक खालच्या अर्धगोलात होता आणि पडदा दांडीवर वेगळा, त्यामुळे एकाची उष्णता दुसऱ्याच्या अंगावर येत नव्हती. २०१७च्या आयमॅक प्रोमध्ये दोन पंखे देऊन पाठीतली मांडणी नव्याने केली गेली. २०२१च्या आयमॅकची जाडी अवघी ११.५ मिलिमीटर आहे, पण त्यासाठी कमी वीज खाणारा प्रोसेसर निवडला आणि वीजपुरवठ्याचा भाग बाहेरच्या अडॅप्टरमध्ये नेला. पातळ करायचेच असेल तर आधी उष्णता कमी करा, मग जाडी. हा क्रम उलटा झाला की त्याची किंमत वापरणारा मोजतो.

पाचवी तक्रार धुळीची आहे.

आमच्याकडे उन्हाळ्यात वावटळी उठतात. काळ्या मातीची बारीक धूळ बंद खिडकीतूनही येते. त्यात कूलरची दमट हवा. धूळ आणि दमटपणा एकत्र आले की हीटसिंकच्या पात्यांमध्ये नमद्यासारखा थर बसतो. मी हा संगणक दुसऱ्या वर्षी उघडून घेतला तेव्हा ब्लोअरच्या तोंडाशी असा थर होता की तो चिमटीत धरून अखंड निघाला. तो काढून थर्मल पेस्ट नवी लावल्यावर तापमान दहा-बारा अंशांनी उतरले. तोवर माझा संगणक अर्ध्या श्वासावर चालत होता आणि ते कळण्याची काही सोय मला नव्हती.

एसीची जाळी घरातले दहावीतले पोरही काढते, नळाखाली धुते आणि परत बसवते. तशीच एक सरकती जाळी संगणकाच्या तळाशी द्या. साफ करायची वेळ झाली की पडद्यावर सूचना द्या. पंखा जास्त फिरूनही तापमान उतरत नाही, हे यंत्राला आपोआप कळू शकते. मालकाला तेवढे सांगा.

सहावी तक्रार उघडण्याची.

धूळ काढण्यासाठी अनेक ऑल-इन-वनचा पडदा आधी सोडवावा लागतो, आणि काहींचा तो चिकटपट्टीने बसवलेला असतो. हातात काच घेऊन काम करायचे म्हटल्यावर गावातला अनुभवी कारागीरही मागे सरतो. "फुटली तर माझ्यावर येईल," असे तो म्हणतो, आणि त्याचे चूक नाही. २०१२मध्ये एचपीने झेड१ नावाचा २७ इंची ऑल-इन-वन काढला होता. तो टेबलावर आडवा करून मोटारीच्या बॉनेटसारखा उघडत असे, त्यासाठी पान्याची गरज नव्हती. हे जमते, हे जगाने पाहिले आहे. ग्राहक व्यवहार खात्याने २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टलही सुरू केले. पाठीला चार स्क्रू द्या, पंख्यापर्यंत सरळ वाट ठेवा, दुरुस्तीची पुस्तिका सर्वांना खुली करा आणि धूळ साफ केली म्हणून कुणाची वॉरंटी जाणार नाही, असे कार्डावर स्पष्ट लिहा.

सातवी आणि शेवटची तक्रार ताब्याची आहे.

आता मी काय केले ते सांगते. एका सॉफ्टवेअरने प्रोसेसरची शक्ती ६५ वरून ४५ वॅटवर बांधली. तापमान ९८ वरून ८०-८५ वर आले, पंख्याचा आवाज एका सुरात बसला आणि मे महिन्यातली पाने अडीचशेवरून पुन्हा तीनशेच्या वर गेली. शक्ती कमी केल्यावर काम वाढले, हे ऐकून माझ्या मुलाला खरे वाटेना. कारण असे की, वेगाच्या शेवटच्या टप्प्यासाठी प्रोसेसरला व्होल्टेज वाढवावे लागते आणि उष्णता व्होल्टेजच्या वर्गाने वाढते. व्होल्टेज १० टक्के उतरवले तर, वेग तोच ठेवूनही, उष्णता सुमारे १९ टक्के घटते. शेवटच्या पायरीचा थोडा वेग सोडला की दमछाक संपते आणि एकसारखी चाल मिळते. बैलाला पहिल्याच तासात पळवले तर संध्याकाळपर्यंत नांगर ओढायला तो उरत नाही, हे शेतकऱ्याला माहीत आहे.

ही सोय मला आडवाटेने शोधावी लागली. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' १०० वरून ९९ टक्के केले की बहुतेक इंटेल संगणकांवर टर्बो बंद होतो. लोक एकमेकांना हे गुपितासारखे सांगतात. पण तो उपाय फार बोथट आहे; त्याने वेग गरजेपेक्षा जास्त पडतो. व्होल्टेज थोडे उतरवण्याची सोय होती, ती २०१९च्या अखेरीस प्लंडरव्होल्ट नावाची सुरक्षा त्रुटी उघड झाल्यावर अनेक कंपन्यांनी बंद केली. त्यामागचे कारण मला पटते. पण दार बंद केले तर खिडकी तरी ठेवा. बायोसमध्ये तीन साधे पर्याय द्या: शांत, समतोल, पूर्ण. प्रत्येकासमोर किती वॅट आणि पंखा किती, ते लिहा. यंत्र माझे आहे, खोली माझी आहे. त्या खोलीला कोणता वेग मानवतो, हे मला ठरवू द्या.

आमच्याही काही चुका आहेत आणि त्या मी माझ्यासारख्या वापरणाऱ्यांना सांगतेच. संगणक भिंतीला चिकटवून ठेवू नये. पाठीमागे वीतभर जागा हवी. पडद्याच्या वरच्या कडेवर क्रोशाचा रुमाल किंवा प्लास्टिकचे कव्हर घालून तो चालू करू नये, कारण गरम हवा बहुधा तिथूनच बाहेर पडते. कूलरचा झोत थेट संगणकावर घेऊ नये. वर्षातून एकदा, पाडव्याच्या सुमाराला, उन्हाळा भरात यायच्या आत आतली धूळ काढून घ्यावी. हे सगळे आम्ही करू. पण आम्ही वीतभर जागा सोडली आणि आतली हवेची वाट बोटभरच असली, तर आमच्या काळजीला फळ येणार नाही.

शेवटची एक विनंती. तुमचा पुढचा नमुना तयार झाला की तो प्रयोगशाळेतून बाहेर काढा. मे महिन्यात अकोल्याला, चंद्रपूरला किंवा जळगावला पश्चिमेकडे खिडकी असलेल्या एका साध्या खोलीत ठेवा. दुपारी एक वाजता खरे काम लावा आणि संध्याकाळी पाचला आकडे पाहा. त्या खोलीत तुमची आत्या, तुमचा मामा, तुमचे शाळेतले शिक्षक रोज बसतात.

मी सध्या मासिकांचे काम रात्री दोन वाजता लावते, कारण त्या वेळी खोली ३१ अंशांपर्यंत उतरते. गजर लावून उठते, आदल्या दिवशी स्कॅन केलेली पाने संगणकाच्या हवाली करते आणि पहाटेपर्यंत अधूनमधून पाहत राहते. शंभर वर्षांपूर्वीचे ते लेखक, तो खिळे जुळवणारा कारागीर, त्यांनी हे अंक कुठल्या उन्हाळ्यात काढले असतील असा विचार तेव्हा मनात येतो. त्यांचा मजकूर वाचवायचे काम मी करीनच. दिवसाचे काम दिवसा करता यावे, एवढे मात्र तुम्ही करा.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक अक्षरजुळणीकार
अकोला